नव्या दाढीच्या ब्रशला येणारा जनावरी वास: कशाने जातो, आणि गेलेला परत का येतो

खऱ्या केसांचा ब्रश पहिल्यांदाच घेणाऱ्याची ही ठरलेली तक्रार. डबा उघडला तेव्हा काही जाणवलं नाही. कोमट पाण्यात भिजवला, क्रीम घेतलं, गालावर फिरवायला नेला आणि भप्पकन गोठ्याचा वास आला. दाढीचा ब्रश थेट नाकाखाली चालतो. दुसऱ्या कुठल्या वस्तूला आलेला एवढासा वास आपण सोडून दिला असता, तो इथे रोज सकाळी डोक्यात जातो.

वास जातो. रोज वापर असेल तर बहुतेक ब्रशांचा आठवडा-पंधरा दिवसांत जातो, काहींचा पहिल्या दोन-तीन धुण्यांतच. ज्यांचा जात नाही त्यांच्या बाबतीत साधारण दोनच गोष्टी घडत असतात: एक तर ते वास काढण्याऐवजी झाकत बसतात, नाहीतर ब्रश धुतात पण नीट वाळवत नाहीत. मला विचाराल तर साबणापेक्षा वाळवण्याला जास्त मार्क आहेत. पण ते पुढे.

आधी वास कुठला ते ओळखा

ब्रश कोरडा असताना दोन्ही अंगठ्यांनी केस मधोमध फाकवा, अगदी मुळापर्यंत, जिथे केसांचा झुबका मुठीत शिरतो तिथपर्यंत. तिथे नाक लावा. मग ब्रश भिजवून, पिळून पुन्हा तेच करा. वरच्या टोकांना हुंगून काही कळत नाही, वासाचं घर मुळाशी असतं.

ओशट, शेळीच्या किंवा ओल्या कुत्र्याच्या अंगासारखा वास, कोरड्यात अगदी कमी आणि भिजल्यावर जोरात: हा खरा जनावरी वास. पुढचं बरंचसं त्याच्याबद्दलच आहे.

डांबराच्या गोळ्यांचा वास कोरड्या ब्रशलाही येत असेल तर प्रकरण वेगळं आहे. डुकराचे काय, बॅजरचे (बिळात राहणारा एक केसाळ प्राणी) काय, केसांना कसर लागते, म्हणून माल साठवताना गोळ्या टाकल्या जातात. या गोळ्यांतलं नॅप्थलीन पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही, त्यामुळे असला ब्रश कितीही धुतलात तरी फरक पडत नाही आणि माणूस चक्रावतो. त्याला पाणी नको, वारा हवा. खिडकीत, उन्हाच्या जवळ पण थेट उन्हात नाही, असा चार-पाच दिवस उघडा ठेवा. गोळी कपाटात जशी उडून जाते तसा हा वास उडून जातो.

नेलपॉलिश किंवा व्हार्निशसारखा वास आला तर तो डिंकाचा, म्हणजे झुबका मुठीत बसवताना वापरलेल्या चिकटद्रव्याचा नाहीतर मुठीच्या पॉलिशचा. त्यालाही वाराच पुरतो.

आणि कुबट, बंद कपाटासारखा वास आला तर नव्या ब्रशला तो सहसा नसतो. असला तर दुकानात किंवा वाटेत त्याला ओल लागलेली आहे. जुन्या ब्रशला मात्र हाच वास जास्त येतो, आणि लोक त्यालाच ‘जनावराचा वास परत आला’ म्हणतात. त्याचा उपाय वेगळा, तो शेवटाकडे.

वास येतो कशामुळे

बाजारात खऱ्या केसांचे ब्रश मुख्यतः तीन प्रकारचे. डुकराच्या राठ केसांचे: इटलीचा ओमेगा, पोर्तुगालचा सेमोग ही यातली जुनी नावं. आपल्याकडे कानपूर हे या राठ केसांच्या व्यापाराचं जुनं ठाणं. बॅजरचे: हे केस बहुतेक चीनमधून येतात आणि प्युअर, बेस्ट, सिल्व्हरटिप अशा चढत्या प्रतींनी विकले जातात. तिसरे घोड्याच्या शेपटीचे आणि आयाळीचे. ते स्पेनमध्ये अजून बनतात, इकडे फारसे दिसत नाहीत. कृत्रिम धाग्यांच्या ब्रशला हा प्रश्नच नाही.

केस कारखान्यात धुतले जातात, उकळले जातात, विंचरून एका दिशेला लावले जातात. महागड्या मालावर हे काम जास्त निगुतीने होतं, स्वस्तात उरकलं जातं. तरीही केसाच्या खवल्यांखाली जनावराच्या अंगच्या तेलाचा अंश राहतो. तो पूर्ण काढला तर केस ठिसूळ होतात, म्हणून कोणी तो पूर्ण काढतही नाही. केस पाणी पितो, चांगलं स्वतःच्या वजनाच्या तीस टक्क्यांच्या आसपास. आत शिरलेलं पाणी केसात अडकून बसलेले वासाचे घटक बाहेर ढकलतं, आणि कोमट पाण्याची वाफ ते नाकापर्यंत आणून सोडते. पावसात भिजलेल्या घोंगडीचा वास तो हाच. केस आणि लोकर ज्या प्रथिनाची बनते ते केराटिन. घोंगडीही केराटिनचीच, ब्रशही केराटिनचाच. म्हणून कोरड्यात गप्प आणि ओल्यात बोलका.

डुकराच्या ब्रशमध्ये फिके, ब्लीच केलेले केस असतील तर वास कमी असतो. न रंगवलेल्या, नैसर्गिक रंगाच्या दाट झुबक्यात जास्त. बॅजरमध्ये झुबका जितका दाट तितकं मुळाशी पाणी आणि तेल जास्त अडकतं, त्यामुळे कधीकधी महागडा ब्रशच जास्त दिवस वास देतो. यात फसवलं गेल्यासारखं वाटून घेण्याचं कारण नाही.

पहिली धुलाई

एका वाटीत कोमट पाणी घ्या. हाताला सुखाने सोसेल इतकंच, लहान बाळाच्या आंघोळीला घेतो तेवढं. उकळतं पाणी अजिबात नाही. बॅजरचा केस त्याने वाकडातिकडा होतो आणि मुठीतला डिंक सैल पडतो. ब्रश केसांच्या निम्म्या उंचीपर्यंतच बुडवा, मूठ पाण्याबाहेर. लाकडी मूठ असेल तर हे दुप्पट जपा, पाणी पिऊन ती तडकते. डुकराचा ब्रश दहा-पंधरा मिनिटं भिजू द्या, राठ केसाला वेळ लागतो. बॅजरला दोन-तीन मिनिटं बस.

आता शाम्पू. एक-दोन रुपयांची पुडी आणा, पण पारदर्शक शाम्पूची. दुधाळ, ‘कंडिशनरसह’ वगैरे नको. कंडिशनरचा थर केसावर बसतो आणि मग पुढचे कित्येक दिवस ब्रश फेसच धरत नाही. भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंबही चालतो, तेल कापण्यात ते शाम्पूच्या वरचढ आहे, पण एकदाच, रोज नाही. घरात रिठे असतील तर ते भिजवून, कुस्करून, गाळून घेतलेलं पाणी तर फारच चांगलं. रेशमी साड्या आणि लोकरी शाली आपल्याकडे रिठ्यात धुतात ते उगाच नाही, ते केराटिनला आणि रेशमाला सांभाळून तेल काढतं.

तळहातावर शाम्पू घ्या आणि ब्रश गोल गोल फिरवा, हलक्या हाताने, दाबून नाही. दाबून घासलं की मधले केस मुळाशी मोडतात आणि झुबक्याच्या मध्यभागी टक्कल पडतं. फेस वर आला की दुसऱ्या हाताच्या बोटांच्या चिमटीत केसांचं बूड धरा आणि मुठीपासून टोकाकडे हळूहळू दाबत या. पहिल्या खेपेला जो फेस बाहेर येतो तो पांढरा नसतो. पिवळसर, करडा, कधी मळकट तपकिरी. केस रंगवलेले असतील तर चक्क काळसर. याच फेसाला हुंगून पाहा, वास कुठे दडला होता ते तिथेच कळेल. असं दोनदा-तीनदा करा, निघणारा फेस पांढरा होईपर्यंत. मग वाहत्या पाण्याखाली केस खाली धरून धुवा, पिळून पाणी अगदी स्वच्छ निघेपर्यंत.

दोन-चार केस गळतील, ते गळू द्या. कापणीत तुटलेले, झुबक्यात नुसते अडकलेले केस पहिल्या आठवड्यात निघतातच. पुंजकेच्या पुंजके हातात आले तर मात्र डिंक नीट बसलेला नाही. असा ब्रश परत करा, वासाचा विचार नंतर.

फेसात रात्रभर

धुलाईने वरवरचं तेल जातं. मुरलेलं काढायला वेळ लागतो, आणि तो वेळ देण्याची जुनी, खात्रीची रीत म्हणजे ब्रशला फेसातच झोपवणं. दाढीचं साधं क्रीम किंवा साबण घ्या, दाढीला लागतो त्यापेक्षा दाट फेस वाटीत काढा आणि तो केसांच्या मुळापर्यंत जाईल असा ब्रश त्यात फिरवा. मग फेसासकट ब्रश उभा ठेवून द्या. सकाळी धुवा, पिळा, झटका, वाळू द्या. संध्याकाळपर्यंत पूर्ण वाळला तर रात्री पुन्हा तेच. बहुतेकांचं काम दोन-तीन रात्रींत होतं, हट्टी ब्रशांना आठवडा लागतो.

इथे सुवासाचा उपयोग आहे, पण दुय्यम. चंदनाच्या साबणाचा, मेन्थॉलच्या क्रीमचा किंवा लिंबाच्या वासाच्या साबणाचा फेस ठेवला तर पहिले काही दिवस सुसह्य जातात. म्हैसूर सँडल दाढीचा साबण नाही, तरी या कामाला छान चालतो. मात्र वास काढतो तो साबण, चंदन नव्हे. नुसतं अत्तर, कोलोन किंवा आफ्टरशेव्ह ब्रशवर शिंपडून काहीही साधत नाही. अल्कोहोल उडून जातं आणि चंदन अधिक बोकड असा तिसराच वास तयार होतो, तो दोघांपेक्षा वाईट.

डुकराचा ब्रश असेल तर या रात्री फुकट जात नाहीत. राठ केसाच्या टोकाला भिजण्या-वाळण्याच्या फेऱ्यांतूनच फाटे फुटतात, आणि फाटे फुटले की तो मऊ होतो, पाणी आणि फेस जास्त धरतो. महिन्याभराने हाच ब्रश ओळखू येत नाही इतका सुधारतो. वास जाणं आणि ब्रश ‘बसणं’ एकदमच होतं.

एवढं करूनही ओशटपणा राहिलाच तर टाकणखार. काष्ठौषधींच्या दुकानात मिळतो. पेलाभर कोमट पाण्यात चिमूटभर विरघळवा, ब्रश त्यात पाच मिनिटं घोळवा आणि भरपूर पाण्याने धुवा. टाकणखार अल्कधर्मी आहे, केस फुगवतो आणि तेल सोडवतो, पण त्यात तासन् तास ठेवलं तर केस कोरडेठक्क होतात. खाण्याचा सोडा लोक मुठी-मुठीने वापरतात, त्याचंही तेच. रोगापेक्षा औषध जड होतं.

कॉफीच्या भुकटीत ब्रश खुपसून ठेवा, मुलतानी मातीचा लेप द्या, असेही सल्ले ऐकायला मिळतात. कॉफी वास झाकते. मातीने वास थोडा ओढला जातोही, पण ती मुळाशी जाऊन बसली की महिनाभर फेसात करकर लागते. ब्लीच आणि हायड्रोजन पेरॉक्साइड तर नावच काढू नका, केस जळतात.

वाळवणं

पुण्यात मार्च महिन्यात हा विषयच निघणार नाही. रत्नागिरीत, पणजीत किंवा मुंबईच्या बिनखिडकीच्या बाथरूममध्ये जुलैत काढलेला ब्रश मात्र दुसऱ्या सकाळीही मुळाशी ओला असतो. वरून हात लावला तर कोरडा वाटतो. अंगठ्याने फाकवून बघितलं की गारवा लागतो. त्यावर आपण पुन्हा पाणी घालतो, पुन्हा फेस काढतो. असा ब्रश आठवड्याभरात एकदाही पूर्ण वाळत नाही, मग केसांतला वास बाहेर पडून उडून जाणार कधी? वरून ओलाव्यावर जंतू आणि बुरशी पोसली जाते ती वेगळीच.

तेव्हा दाढी झाली की ब्रश धुवा, मुठीत धरून हलकेच पिळा, मग नळाखाली नाही तर बाहेर जाऊन दोन-चार जोरदार झटके द्या. जुन्या सुती पंचावर केस इकडून तिकडे पुसा, रंगाऱ्याने भिंतीवर कुंचला ओढावा तसे, गोल घासू नका. आणि मग ब्रश बाथरूमच्या बाहेर. हे सगळ्यात महत्त्वाचं आहे आणि हेच कोणी करत नाही, कारण दाढीचं सामान बाथरूममध्येच शोभतं अशी आपली समजूत. गीझरची वाफ, चार जणांच्या आंघोळी, बंद दार: तिथे ब्रश वाळेल कसा? हॉलच्या खिडकीत ठेवा, पंख्याखाली ठेवा, घरच्यांनी नाक मुरडलं तरी चालेल.

केस वर करून उभा ठेवायचा की स्टँडला उलटा टांगायचा यावर लोक तावातावाने भांडतात. नीट झटकलेल्या ब्रशला दोन्ही चालतं. न झटकलेल्या ब्रशला दोन्हीचा उपयोग नाही. थेट भर उन्हात तासन् तास ठेवू नका. सकाळचं कोवळं ऊन अर्धा-पाऊण तास दिलं तर उलट बरंच. हेअर ड्रायरची गरम हवा नको, थंड हवा चालेल.

पावसाळ्यात सगळ्यात सोपा उपाय म्हणजे दोन ब्रश आलटून पालटून वापरणं. दुसरा स्वस्तातला कृत्रिम धाग्याचा असला तरी चालेल. नवा ब्रश खरेदी करायचा असेल आणि कोकणात राहत असाल तर गणपतीनंतर घ्या, असं मी सांगेन.

गेलेला वास परत आला

दोन महिने काही नव्हतं आणि पुन्हा वास येतोय, तर तो आता जनावराचा नाही. जनावराचं जे होतं ते गटारात गेलं. हा साबणाचा आणि ओलीचा वास.

बोअरवेलच्या पाण्यावर दाढी करणाऱ्यांना हे लवकर होतं. मराठवाड्यात, पुण्याच्या टँकरवर जगणाऱ्या सोसायट्यांत पाणी जड असतं. त्यातलं कॅल्शियम साबणाशी मिळून न विरघळणारा चिकट थर बनवतं, बादलीच्या कडेला पांढरं कडं दिसतं तेच हे. ब्रशच्या मुळाशी हे कडं जमलं की केस एकमेकांना चिकटतात, आत हवा शिरत नाही, जुना साबण खवट होतो. ओळखायची खूण: केस फाकवले की मुळाशी पांढुरकी, मेणासारखी कणी दिसते आणि ब्रश पूर्वीसारखा फुलत नाही. शाम्पूने हे निघत नाही. एक भाग पांढरं व्हिनेगर, दहा भाग कोमट पाणी, त्यात ब्रश चार-पाच मिनिटं घोळवा, बोटांनी बूड चोळा, धुवा, मग एकदा शाम्पू. व्हिनेगर नसेल तर पाण्यात गाळलेला लिंबाचा रस. क्रोमचा मुलामा असलेल्या मुठीला हे पाणी लागू देऊ नका. जड पाण्याच्या गावात महिन्या-दोन महिन्यांतून एकदा हे करत राहावं लागतं.

मुळाशी काळे ठिपके दिसले तर ती बुरशी. एकदा व्हिनेगर आणि नंतर दोन दिवस खडखडीत वाळवण करून बघा. ठिपके किंवा वास राहिला तर ब्रश टाकून द्या. वस्तऱ्याने सोललेल्या कातडीवर बुरशी चोळण्यात काटकसर नाही.

प्रवासात प्लॅस्टिकच्या नळकांड्यात बंद करून नेलेला ब्रशही घरी आला की कुबटतो. नळकांड्याला भोकं हवीत. बुटांच्या खोक्यात येणारी सिलिका जेलची पुडी आत टाकली तर मदत होते, पण ब्रश आधी जवळजवळ वाळलेला असेल तरच. चिंब ब्रशपुढे ती पुडी काय करणार.

आजोबांचा ब्रश आणि चोर बाजारातला ब्रश

जुना ब्रश हौसेने आणून, धुऊन वापरायला काढणारे बरेच आहेत. वास काढायच्या सगळ्या युक्त्या त्यावरही चालतात, पण एक गोष्ट आधी पाहा: तो किती जुना आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात ब्रिटन आणि अमेरिकेत दाढीच्या नव्या ब्रशांमधून सैनिकांना आणि नागरिकांनाही अँथ्रॅक्स झाला, आपल्याकडे गुरांना होणारा फाशी रोग तो हाच. युद्धामुळे केसांच्या व्यापाराची नेहमीची वाट आणि निर्जंतुकीकरण विस्कळीत झालं होतं, आणि बॅजरच्या नावाखाली घोड्याचे नीट न शुद्ध केलेले केस खपवले जात होते. ब्रिटनने 1920 मध्ये जपानमध्ये बनलेल्या ब्रशांची आयातच बंद केली. या जंतूचे बीजाणू वर्षानुवर्षं टिकतात आणि घरगुती साबण-व्हिनेगरला दाद देत नाहीत. धोका अगदी कमी असला तरी 1930 च्या आधीचा ब्रश वापरू नये असाच सल्ला दिला जातो. असा ब्रश हाती आला तर झुबका काढून टाकून मुठीत नवा बसवून घेता येतो. हस्तिदंती दिसणारी, जुन्या घाटाची मूठच तर हवी असते.

किती दिवस वाट पाहायची

तीन-चार आठवडे रोज वापरून, रोज पूर्ण वाळवून, मध्ये फेसातल्या चार-पाच रात्री देऊनही भिजल्याबरोबर तोच ओशट भपका येत असेल तर केस मुळातच नीट धुतलेले नाहीत. विक्रेता परत घेत असेल तर परत करा. म्हणून बिल आणि खोकं महिनाभर टाकू नका.

आणि काहींच्या नाकाला तो हलकासा उरलेला वासही चालत नाही. कोणाला डुकराचा केस धर्माने चालत नाही, कोणाला शाकाहारी म्हणून कुठलाच चालत नाही. त्यांनी कृत्रिम धाग्याचा ब्रश घ्यावा. वीस वर्षांपूर्वीचे ते टोचणारे नायलॉनचे झुबके आता राहिलेले नाहीत. आजचा चांगला कृत्रिम धागा गालाला बॅजरइतका मऊ लागतो, भिजवत बसावं लागत नाही, आणि भर पावसाळ्यातही संध्याकाळपर्यंत कोरडा असतो. फेस थोडा जास्त वेगाने उडतो आणि नवख्या हाताने आरशावर शिंतोडे जातात, एवढंच.